पालव्याला गेलेलं धडपं

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये वरण-भात खाताना दाताखाली खडा आला. साधा नव्हे, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. कळ थेट मस्तकात गेली. मी घास कागदी रुमालात काढला आणि खडा बोटांत धरून बघत बसले. करडा, एका बाजूने चपटा, वरणाने पिवळा झालेला. समोर आमच्या टीममधला पंचविशीतला मुलगा जेवत होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “जाऊ दे ना ताई, एका खड्यावरून काय बंड करायचंय का?” सहज म्हणाला तो, मला बरं वाटावं म्हणून. मीही मान हलवली, पाणी प्यायले, ताट उचलून ठेवलं. पण दुपारभर ते वाक्य डोक्यातून जाईना. स्क्रीनवर आकडे होते आणि मनात आजोबा.

आमचे आजोबा जेवायला बसले की आधी वरणात बोट घालायचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात डाळ चिमटीत धरून हळूच चोळायचे, मगच भात कालवायचे. आजी कितीही वेळ सूप घेऊन डाळ निवडत बसली तरी हा विधी चुकायचा नाही. क्वचित खडा निघायचाच, कारण तेव्हा डाळ पाकिटातून येत नव्हती, वाण्याच्या पोत्यातून यायची. खडा निघाला की ते चिडायचे नाहीत. तो ताटाच्या कडेला, मिठाच्या शेजारी ठेवायचे आणि आत हाक द्यायचे, “अगो, आज तलवार निघाली!” आम्हा नातवंडांना वाटायचं, खडा दाताला तलवारीसारखा लागतो म्हणून ते तसं म्हणत असतील. ‘तलवार’ हे कुलाब्यातल्या नौदलाच्या एका ठाण्याचं नाव होतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तेही आजोबांकडून नव्हे, पुस्तकातून. घरी येऊन विचारलं तेव्हा ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पुस्तकात आहे होय ते?”

त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि थोडं दुखावलेपणही. इतकी वर्षं आपण एकट्याने सांभाळलेली गोष्ट कोणीतरी आधीच छापून ठेवली आहे, असं काहीसं.

‘तलवार’ हे संदेशवहन शिकवणारं ठाणं. १९४६ चं नाविकांचं बंड सुरू झालं ते इथून. तिथली पोरं शिकलेली, इंग्रजी येणारी, बिनतारी यंत्रावर कट्टकडकट्ट करत जगाच्या बातम्या ऐकणारी. महायुद्ध संपलं होतं. ज्या साम्राज्यासाठी ते लढले त्या साम्राज्याच्या गोऱ्या खलाशाला मिळणारा पगार आणि आपला पगार यातली तफावत त्यांना रोज दिसत होती. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटले चालले होते आणि त्याच्या बातम्या बराकीत वाचल्या जात होत्या. डिसेंबर १९४५ मध्ये नौदल दिनाच्या दिवशी ‘तलवार’च्या भिंतींवर घोषणा रंगवलेल्या सापडल्या. फेब्रुवारीत सरसेनापती ऑकिनलेक भेटीला येणार म्हणून चुना-रंग सुरू असताना पुन्हा ‘चले जाव’, ‘जय हिंद’. या वेळी बलाईचंद्र दत्त नावाचा तरुण टेलिग्राफिस्ट पकडला गेला. ठाण्याचा प्रमुख कमांडर किंग हा तोंडाचा फाटका माणूस. कुली काय, जंगली काय, आईवरून काय, पोरांना त्याने जे ऐकवलं ते ती पोरं मरेपर्यंत विसरली नाहीत. आणि या सगळ्यावर जेवण! पाण्यासारखी डाळ, खड्यांचा भात. १८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी सुमारे अकराशे जणांनी नाश्त्याला हात लावला नाही. जेवण नाही तर काम नाही.

दत्तांसारखे मोजके जण स्वराज्याच्या ओढीने पेटलेले होते हे खरं, पण अकराशे जण काही एका रात्रीत क्रांतिकारक होत नाहीत. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, माणूस अपमान बराच काळ गिळतो, कारण अपमानाला आकार नसतो. तो बोटात धरून दुसऱ्याला दाखवता येत नाही. खडा दाखवता येतो. शेजारचा त्याच्या ताटातला दाखवतो, पलीकडचा त्याच्या. ‘हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही’ हे कळायला कधीकधी तेवढं पुरतं. म्हणून त्या मुलाचं वाक्य मला टोचलं असावं. होय रे बाबा, एका खड्यावरून बंड झालं होतं.

शिवाय ती पोरं संदेशवाली. बातमी पोचवायला त्यांना वर्तमानपत्र लागलं नाही. जहाजाजहाजावर बिनतारी यंत्रापाशी त्यांच्यासारखेच कोणीतरी बसले होते. दुसऱ्या दिवसापर्यंत मुंबई बंदरातली जहाजं, फोर्टातली कॅसल बराक, मार्व्याचं ‘हमला’, ठाण्याजवळचं ‘अकबर’ असं एकेक ठाणं सामील होत गेलं. पुढे कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टण. एकूण ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २० हजार नाविक. मध्यवर्ती संप समिती निवडली गेली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. जहाजांवरून युनियन जॅक उतरले आणि काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे वर चढले. मागण्या वाचल्या तर डोळे भरून येतात. चांगलं जेवण द्या, किंगवर कारवाई करा, गोऱ्यांइतका पगार द्या, आणि त्याच दमात आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा. वरणापासून इंडोनेशियापर्यंत सगळं एका कागदावर. ती विशी-बाविशीची पोरं होती!

आजोबाही तेव्हा बाविशीचेच. लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. आमच्या त्या पट्ट्यातून, विशेषतः कोकणी मुसलमानांच्या वाड्यांतून, आरमारात पोरं जाण्याची रीत जुनी. त्यामुळे आजोबांना ‘नेव्हीतली पोरं’ ही काही पेपरातली भानगड नव्हती. गावच्या मोहल्ल्यातला, त्यांच्याबरोबर शाळेत पाट्या फोडलेला एकजण आरमारात होता. तो कुठल्या जहाजावर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुंबईत आहे की कराचीत, हेही नाही. पण २० तारखेला चाळीत बातमी आली की सरकारने जहाजांचं अन्नपाणी तोडलं आहे, तेव्हा त्यांनी आजीला सांगितलं ते त्याचंच नाव घेऊन. “तो उपाशी असेल.”

आजीचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते दोघं, दोन दीर आणि गावचा एक पोटभाडेकरू. मुंबईत १९४३ पासून रेशन होतं. धान्य मोजून मिळायचं आणि मोजूनच रांधायचं. त्या धान्यातून आजीने २१ तारखेला पहाटे भाकऱ्या थापल्या. किती, ते ती दर वेळी वेगळं सांगायची. कधी आठ, कधी बारा. पण त्या रात्री घरातले सगळे पेज पिऊन झोपले हे मात्र कधी बदललं नाही. वर लसणीची चटणी, दोन कांदे. भाकऱ्या गरम होत्या, वाफेने ओलावल्या असत्या म्हणून कागदात नाही, कापडात बांधल्या. लुगड्याच्या एका धडप्यात.

हे धडपं आमच्या घरात पुढे अमर झालं. कुणी नेलेली वस्तू परत आली नाही, शेजारणीने साखरेची वाटी परत केली नाही, छत्री लोकलमध्ये राहिली की आजी म्हणायची, “गेलं ते पालव्याला.” आम्ही मुलंही म्हणायचो. शाळेतली हरवलेली पट्टी पालव्याला गेलेली असायची. पालवा म्हणजे गेटवेपाशीचं पालवा बंदर, साहेबाच्या जिभेवर त्याचं अपोलो झालं. तिथे नेमकं काय गेलं होतं, हे विचारायचं आमच्या मनात यायचं नाही.

आजोबा दिवसपाळी बुडवून गेले. थोडं ट्रॅमने, थोडं चालत. जाताना बोरीबंदरापलीकडे गोळ्यांचे आवाज ऐकू आले. टाऊन हॉलपाशी कॅसल बराकीत त्या दिवशी लढाई जुंपली होती. बाहेर मराठा पलटणीचा पहारा, आत शस्त्रागार फोडलेले नाविक. आपलेच आत आणि आपलेच बाहेर. (तीच जागा स्वातंत्र्यानंतर ‘आंग्रे’ झाली. कान्होजींचं नाव तिथे लागलं याचा आजोबांना फार आनंद होता, पण बस त्या रस्त्याने गेली की ते बोलायचे थांबत.) ते आडवाटेने फिरून गेटवेला पोचले आणि जे दिसलं ते त्यांनी मला एकदाच, पण अगदी सावकाश सांगितलं. अख्खी मुंबई डबे घेऊन आली होती. इराण्यांनी पावाच्या लाद्याच्या लाद्या आणलेल्या. फळवाले टोपल्या रिकाम्या करत होते. बायका होत्या, शाळकरी मुलं होती, डोक्यावर दुधाची बरणी घेतलेला एक म्हातारा भय्या होता. कठड्यापाशी बंदुका घेऊन हिंदी शिपाई उभे केलेले. लोकांना अडवायला उभे केलेले ते शिपाई बंदूक खांद्याला लावून पुडकी पुढे सरकवत होते. खाली नाविकांच्या मोटारबोटी हेलकावत होत्या.

आजोबांनी गाठोडं एका शिपायाच्या हातात दिलं. शिपायाने ते हुंगलं आणि मराठीत विचारलं, “लसणीची काय रं?” मग खाली बोटीत दिलं. बस. एवढंच झालं.

त्याच दुपारी नौदलाचा प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे रेडिओवरून बोलला. ज्या नौदलाचा आपल्याला अभिमान आहे ते नष्ट करावं लागलं तरी बेहत्तर, पण बंड मोडून काढू, असं. बंदरावरून बॉम्बफेकी विमानं घिरट्या घालू लागली. कराचीला ‘हिंदुस्थान’ जहाजावर तोफा चालल्या. आणि २२ तारखेला मुंबई बंद पडली. गिरण्यांचे भोंगे वाजले पण आत कोणी गेलं नाही. लाखो कामगार रस्त्यावर. परळ, लालबाग, डिलाईल रोड इथे गोरे शिपाई ट्रकमधून गोळ्या झाडत फिरले. परळच्या महिला संघाच्या कमल दोंदे त्यात गेल्या, कुसुम रणदिव्यांना गोळी लागली. सरकारी आकड्यानेच दोन दिवसांत सव्वादोनशेवर माणसं मेली आणि हजारावर जखमी झाली. केईएमच्या फाटकाबाहेर लोक रक्त द्यायला उभे होते, असं आजी सांगायची. बाकी त्या दिवसाबद्दल आजोबा बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “रस्त्यावर चपला फार पडलेल्या होत्या.”

इथवर मला सगळं समजतं. पुढचं समजतं आणि पटत नाही, किंवा पटतं आणि सोसत नाही. सरदार पटेल मुंबईतच होते. त्यांनी निरोप धाडला, शस्त्रं खाली ठेवा, कोणावर सूड उगवला जाऊ नये म्हणून काँग्रेस शक्य ते करील. जिनांनीही तेच सांगितलं. अरुणा असफअली मात्र नाविकांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि त्यावरून गांधीजींशी त्यांचा जाहीर मतभेद झाला. २३ तारखेच्या सकाळी जहाजांवर काळे झेंडे चढले आणि संप संपला. समितीच्या शेवटच्या निवेदनात म्हटलं होतं की लष्करातल्यांचं आणि रस्त्यावरच्या माणसांचं रक्त प्रथमच एका कामासाठी एकत्र वाहिलं, आम्ही हे विसरणार नाही आणि तुम्हीही विसरणार नाही हे आम्हाला माहीत आहे.

तरुणपणी मी या प्रसंगावरून आजोबांशी भांडले आहे. नेत्यांनी दगा दिला, असं मी तावातावाने म्हणायचे. त्यांच्या खोलीत गांधींचा आणि पटेलांचा फोटो होता, तो काढा म्हणायचे. आता माझी पन्नाशी उलटली. समोर विमानं घिरट्या घालत असताना, शहरात दिवसाला शंभर माणसं पडत असताना, एखाद्या जबाबदार माणसाने ‘थांबा’ म्हणणं म्हणजे दगा, असं मला आता म्हणवत नाही. उद्याच्या स्वतंत्र देशालाही फौज लागणार आणि फौजेला शिस्त लागणार, ही पटेलांची भूमिका मी समजू शकते. समजत नाही ते नंतरचं. पोरांना मुलुंडच्या छावणीत डांबलं. ४७६ जणांना नोकरीतून काढून घरचा रस्ता दाखवला. ते इंग्रजांनी केलं, त्यात नवल नाही. पण दीड वर्षाने देश आपला झाला. लाल किल्ल्यावर आपला झेंडा चढला. तेव्हाही त्यांना नौदलाने परत घेतलं नाही. भारतानेही नाही आणि पाकिस्ताननेही नाही. ज्या एकाच बाबतीत दोन्ही देशांचं एकमत झालं ती ही असावी, याचं मला अजून वाईट वाटतं. ज्यांच्या डोळ्यांदेखत तीन झेंडे एका काठीवर नांदले, त्यांची गरज दोघांनाही उरली नव्हती.

जहाजंही वाटली गेली. संप समितीच्या बैठका ज्या ‘नर्बदा’वर झाल्या ते जहाज पाकिस्तानला गेलं आणि त्याचं ‘झेलम’ झालं. कराचीत तोफा खाल्लेलं ‘हिंदुस्थान’ही तिकडेच गेलं, तिथे ते नाव अर्थात राहिलं नाही. ‘जमना’ आपल्याकडे राहिलं. हे मी आजोबांना सांगितलं होतं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग आपली बोट कुठल्या जहाजाला लागली असेल?” आपली बोट म्हणजे भाकऱ्यांची.

कबूल करते, उशिरा का होईना दखल घेतली गेली. कुलाब्यात २००१ मध्ये या उठावाचं स्मारक उभं राहिलं, नौदलानेच उभारलं. नौदलाच्या दोन टग बोटींना बलाईचंद्र दत्त आणि मदनसिंग यांची नावं दिली आहेत. मोठ्या जहाजांना ओढून सुखरूप धक्क्याला लावणाऱ्या त्या बुटक्या बोटी. हे वाचून मला आधी राग आला होता, एवढी मोठी माणसं आणि नाव टगला? आता वाटतं, बरंच झालं. रोज कामात असणारं नाव आहे. पण आजोबा १९९७ मध्ये गेले, त्यांनी यातलं काही पाहिलं नाही. त्यांचा तो मोहल्ल्यातला मित्र पुढे कधी भेटला का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

खडा निघाला त्या आठवड्यातच शनिवारी मी कुलाब्याला गेले. ऊन कलतं होतं. बस, टॅक्सी, शाळेतून सुटलेली पोरं. स्मारकापाशी मी अर्धा तास होते, आत कोणी आलं नाही. तिथून चालत पालव्यावर गेले. तिथे तर पाय ठेवायला जागा नव्हती. एलिफंटाला जाणाऱ्या लाँचवाल्यांची हाकाटी, कबुतरं, फोटोवाले, भेळेचा आणि डिझेलचा एकत्र वास. कठड्याला हात लावून उभी राहिले. दगड दिवसभराच्या उन्हाने तापलेला होता. खाली पाणी हिरवट काळं, त्यावर तेलाचा तवंग. इथूनच कुठून तरी गाठोडं खाली गेलं. लूटमार, दंगल, गोळीबार अशा शब्दांत त्या आठवड्याच्या नोंदी झाल्या असतील, पण आमच्या घरापुरतं बंड म्हणजे या कठड्यावरून खाली दिलेल्या आठ किंवा बारा भाकऱ्या.

सोमवारी कँटीनमध्ये तो मुलगा पुन्हा समोर आला. मी त्याला सगळं सांगितलं. आपलं ऑफिस ज्या जमिनीवर आहे तिथे गिरणी होती, त्या २२ तारखेला तिच्या फाटकातूनही लोक बाहेर पडले असतील, हेही सांगितलं. त्याचं जेवण थांबलं होतं. त्याला ठाणी, जहाजं, पटेल यातलं काही विचारायचं नव्हतं. तो म्हणाला, “ताई, पण भाकऱ्या पोचल्या का?”

त्या रात्री मी चिपळूणला आत्याला फोन केला. आत्या आता पंच्याहत्तरीची आहे, आजीच्या सगळ्यात जवळची ती. विचारलं, “आत्या, ते पालव्याला गेलेलं धडपं कसलं होतं गं?” पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

“हिरवं,” ती म्हणाली. “आईच्या लग्नातल्या लुगड्याचं. धडपं कुठलं, पदरच तो. बारा भाकऱ्या मावतील असं दुसरं स्वच्छ फडकं घरात नव्हतं, म्हणून तिने पहाटे फाडला. बाबांना रात्री घरी आल्यावर कळलं.”

“मग? आजोबा काय म्हणाले?”

“काही नाही. दुसऱ्या दिवशी संप होता ना, रस्त्यावर गेले. पण पुढे बोनस झाला तेव्हा तिला हिरवं लुगडं घेऊन आले, तर ती नेसेचना. म्हणाली, पहिलं परत येऊ दे.”